संत्र्यांची कावीळ

आदिलाबादला मी हौसेनं गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. आमच्या पुण्यात प्रवासाला गेलेली माणसं उटीहून निलगिरीचं तेल आणतात, नाहीतर काश्मीरहून शाल. मी आदिलाबादहून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिवळी पानं आणली. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, काय काय पाहिलं? मी म्हटलं, संत्र्याच्या झाडांना सलाईन लावून आले. त्या म्हणाल्या, बरं झालं, हवापालट झाला. तेव्हाच ठरवलं की हा प्रवास एकदा लिहून काढावा, म्हणजे सारखं सांगत बसायला नको.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. झाडांचे रोग ओळखणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्या काळात विदर्भात संत्र्याच्या बागा पिवळ्या पडत होत्या आणि प्रत्येकाकडे त्याचं आपापलं कारण तयार होतं. कुणी म्हणे जस्त कमी पडलं, कुणी म्हणे मुळाशी पाणी साचलं. आमच्या विभागातले सर म्हणत, हा मायकोप्लाझ्मासारख्या जीवाचा प्रताप. मी म्हणत होते, साधा जिवाणू आहे. हे भांडण कितीतरी महिने रोज चहाबरोबर चाललं होतं आणि चहा चांगला असल्यामुळे कुणाला ते मिटवायची घाई नव्हती.

निकाल लावायची एक रीत होती. जिवाणूभोवती भिंत असते, मायकोप्लाझ्माभोवती नसते. पेनिसिलिन भिंतीवरच हल्ला करतं, त्यामुळे जिला भिंतच नाही त्या जातीला त्याचं काही वाटत नाही. टेट्रासायक्लिन मात्र दोघांनाही जड जातं. तेव्हा आजारी झाडांच्या तीन रांगा घ्यायच्या. एका रांगेला टेट्रासायक्लिन, दुसरीला पेनिसिलिन, तिसरीला नुसतं पाणी. पहिली एकटीच सुधारली तर सर बरोबर. पहिल्या दोन सुधारल्या तर मी बरोबर. आणि तिन्ही सुधारल्या तर औषधाचा संबंधच नाही, झाडं जमिनीपायी आजारी होती आणि आपली आपण बरी झाली. पाण्याची रांग नसेल तर सगळं करून मुसळ केरात.

आता यासाठी आदिलाबाद कशाला? तर विदर्भात जिकडे पाहावं तिकडे संत्रं. रोग शेजारच्या बागेतून आला की रोपासोबत आला, काही कळत नाही. एका कलमवाल्याची कलमं मात्र पैनगंगेपलीकडे गेली होती, जिथे दूरदूरपर्यंत कापूस आणि ज्वारीशिवाय काही नाही. ती झाडंही पिवळी पडली होती. त्यांना हा रोग असला तर तो एकाच वाटेनं आलेला असणार, कलमातून. असं एकटं पडलेलं झाड आमच्या धंद्यात सोन्यासारखं असतं. सरांची कंबर धरली होती, म्हणून मी गेले.

आदिलाबाद

किनवटच्या बाजूनं गाडी आदिलाबादला पोचली तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक गिरमिट आणि सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांचं मोठं खोकं होतं. फळबागांच्या कचेरीतले साहेब तेलुगू होते, मला मराठी आणि त्यांना तेलुगू, तेव्हा आम्ही दोघांनीही वाईट हिंदीवर समाधान मानलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, जिंक है मॅडम. मी म्हटलं, तेच पाहायला आलेय. ते म्हणाले, देखिए, देखिए, लेकिन जिंक है. मग त्यांनी मला इतका चांगला उपमा खाऊ घातला की मला क्षणभर जिंकच असावं असं वाटलं.

तामसीकडे जाणाऱ्या बसच्या कंडक्टरनं खोक्यात डोकावून पाहिलं. पेशंट कुठाय, हे त्यानं आधी तेलुगूत, मग हिंदीत आणि शेवटी मराठीत विचारलं. मी सांगितलं, पेशंट झाडं आहेत. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग खोकं उचलून आपल्या सीटखाली ठेवलं आणि वाटेत चढणाऱ्या प्रत्येकाला पाय लावू नका म्हणून दटावत राहिला. आमच्याकडच्या कंडक्टरनं ते टपावर टाकलं असतं.

कौसाबाईंकडे

गाव तामसीच्या थोडं पुढे. घर माळ्याचं, भाजीपाल्याचं. कौसाबाई पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की मळ्याच्या या टोकाला बोलल्या की त्या टोकाची बकरी मान वर करायची. त्यांचे यजमान मारोतराव त्यांच्या नेमके उलट. त्यांनी मला पाहून टोपी सारखी केली, हेच त्यांचं या बसा. लेक लग्न होऊन किनवटला गेलेली, त्यामुळे घरात हे दोघंच. वांगी, मेथी, सांभार असं पिकवायचं आणि पहाटेच्या बसनं आदिलाबादच्या बाजारात न्यायचं, हा त्यांचा क्रम. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मला जेवायला बसल्यावर कळलं.

घरामागे संत्र्यांच्या तीन रांगा होत्या. कुणी मला खास बांधून दिल्यासारख्या. पानांवर हिरवे-पिवळे डाग, शिरा जाड, फांद्यांची टोकं वाळलेली, फळं लिंबाएवढी आणि खालून हिरवी. पाहून मला फार आनंद झाला. मग शेजारी उभ्या असलेल्या कौसाबाईंचा चेहरा दिसला आणि मी आनंद आवरला.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वरण. वरण पांढरं होतं. मला वाटलं, हळद संपली असेल. संध्याकाळी पांढरं पिठलं आलं. दुसऱ्या दिवशी बटाट्याची भाजी आली तीही पांढरी, आणि तेलाचा एक थेंब नाही. मी आडून विचारलं, इकडे हळद खात नाहीत का?

"झाडायले कावीळ झाली न बाई," कौसाबाई म्हणाल्या. "घरात बिमार असल्यावर पथ्य घरानं नाही पाळाव तं कोनं पाळाव?"

आमच्याकडेही काविळीला हळद आणि तेल बंद करतात, पण रोग्याचं. इथे रोगी मळ्यात उभा होता आणि पथ्य चुलीपाशी चाललं होतं. किती दिवस, विचारलं तर म्हणाल्या, झाडं पिवळी पडली तवापासून. म्हणजे वर्षं झाली होती. मी मारोतरावांकडे पाहिलं. ते निमूट जेवत होते. पुढे मला कळलं की बाजाराच्या दिवशी ते आदिलाबादच्या स्टँडसमोर बसून मिरचीची भजी खातात आणि धोतराला हात न पुसता नळावर नीट धुऊन येतात. कौसाबाईंना हे ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, बाहेरचं खाल्लेलं झाडायले लागत नाही.

खरी गोष्ट मला चुलीपाशीच कळली. ही कलमं कौसाबाईंच्या भावानं दिलेली. तोच तो कलमवाला. एका भाऊबीजेला त्या वर्धेकडे माहेरी गेल्या, येताना भावानं ओवाळणीत साडीऐवजी कलमं घातली. ओल्या पोत्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून त्यांनी ती आणली. दोन वर्षं झाडं अशी फोफावली की लोक पाहायला येत. मग पिवळी पडली. तेव्हा मारोतराव एकदाच बोलले होते.

"म्हनले, तुह्या माहेरचं हाय, असंच निंगनार," कौसाबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, माह्या माहेरचं नाही, तुमच्या जमिनीतच खोट हाय. झाडं हिरवी होतीन तवाच मी माहेरी पाय ठेवीन."

तेव्हापासून पाच दिवाळ्या त्या गेल्या नव्हत्या. भाऊ दरवेळी निरोप धाडायचा, या म्हणायच्या कामं लय हायेत. झाडं पिवळी पडली हे भावाला कळवलेलंच नव्हतं, त्याला वाईट वाटेल म्हणून. आणि माहेराच्या नावानं मारोतरावांनी पुन्हा चकार शब्द काढला नव्हता, पण बाईसमोर एकदा बोललेला शब्द म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा.

मी त्यांना सरळ सांगितलं. रोग निघाला तर तो कलमातूनच आलेला असणार. रोग नसला तर जमिनीचा दोष.

"म्हंजे एक तं माहं माहेर, नाही तं यायची जमीन?"

"हो."

"मंग पाहा," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली. त्या भाकरीवर नंतर त्यांनी मला लोणी दिलं. लोणी पथ्यात बसत नव्हतं, पण मी पाहुणी होते आणि झाडांची डॉक्टर होते, तेव्हा त्यांनी ते बसवलं.

बाटल्या

झाडाला सलाईन लावायचं म्हणजे खोडाला गिरमिटानं तिरकं भोक पाडायचं, त्यात नळी घट्ट बसवायची आणि बाटली वरच्या फांदीला उलटी टांगायची. लिहायला सोपं आहे. गिरमिट तिसऱ्याच झाडात अडकलं. मी ओढलं, कौसाबाईंनी ओढलं, शेवटी मारोतरावांनी एक शब्द न बोलता खोडाला पाय लावून ते उपसलं आणि माझ्या हातात दिलं. पुढची सगळी भोकं त्यांनीच पाडली. ज्यांच्या निकालात त्यांची जमीन किंवा बायकोचं माहेर खोटं ठरणार होतं, ती भोकं त्यांनी फार नीट पाडली.

कुठल्या झाडाला काय दिलं याच्या चिठ्ठ्या मी फांद्यांना बांधल्या. बकरीनं त्या खाल्ल्या. मग कौसाबाईंनी जुनं लुगडं काढलं, त्याच्या काठाच्या चिंध्या टेट्रासायक्लिनला, पदराच्या पेनिसिलिनला आणि मधल्या विटलेल्या कापडाच्या पाण्याला. माझ्या अहवालात या रांगांना एक, दोन, तीन म्हटलं आहे. पण मनात त्या अजून काठ, पदर आणि मधलं अशाच आहेत.

बाटल्या टांगल्या आणि गाव लोटलं. झाडांना बघायला लोक येऊ लागले, जसे आजारी माणसाला बघायला येतात. कुणी नारळ आणला, कुणी बिस्किटाचा पुडा. तो पुडा झाडाच्या बुंध्याशी ठेवायचा की घरात द्यायचा, यावर थोडी चर्चा झाली आणि शेवटी तो मला देण्यात आला. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ बाटलीतले थेंब पाहत बसले आणि हळू आवाजात मला म्हणाले, वाचल ना? पुण्यात आजाऱ्याला भेटायला येणारा आधी फोन करून वेळ विचारतो आणि दहा मिनिटांत घड्याळ बघतो. इथे माणसं झाडाशेजारी दोन-दोन तास बसून कपाशीच्या गोष्टी करत होती.

गर्दी पांगल्यावर कौसाबाईंनी तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं. या बाटल्यांचा रंग पांढरा कसा? मी सांगितलं, यात पाणी आहे. त्यांनी विचारलं, औषध संपलं का? मी म्हटलं, नाही, मुद्दामच पाणी दिलंय. मग मी तुलनेसाठी एक रांग कशी लागते ते सगळं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"एका पंगतीत बसवाव, एकाच्या पानात बासुंदी वाढाव अन् एकाच्या पानात पानी," त्या म्हणाल्या. "हे शास्त्र हाय का?"

मी म्हटलं, हो, हेच शास्त्र आहे. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, पटलं. आमच्या पुण्यात ज्याला पटत नाही तो बोलून दाखवतो, वर वर्तमानपत्राला पत्रही लिहितो, तेव्हा गप्प बसणं म्हणजे संमती असाच माझा समज. दोन दिवसांनी बाटल्या काढा आणि उरलेलं औषध खड्ड्यात ओतून टाका, असं सांगून मी उटनूरला निघाले.

उटनूर

उटनूरला जायचं कारण साधं होतं. जंगलपट्ट्यात कुठे लिंबाची झाडं पिवळी पडली आहेत का, ते सरांना हवं होतं. रस्ता सागवानातून जातो. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, रस्त्याच्या कडेला गोंड बायका सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. मी एक खाल्लं, मग एक, आणि मग बस निघेपर्यंत मोजणं सोडून दिलं. आमच्याकडची सीताफळं चांगली असतात, पण ती खाताना आपण बाजारात आहोत हे आठवत राहतं.

आदिवासी कल्याणाच्या कचेरीत एक कारकून भेटले. त्यांच्या मराठीत निजामाच्या काळातले शब्द जागच्या जागी होते. माझा मामला त्यांनी दोनदा ऐकून घेतला आणि विचारलं, या कामाची दरखास्त कुठल्या खात्यात द्यायची? मी म्हटलं, दरखास्त नको, फक्त लिंबाची झाडं दाखवा. ते म्हणाले, बाई, उन्हाळ्यात इथे अख्खं जंगल पिवळं पडतं, तेव्हा पुण्याहून कुणी येत नाही. तरी सुट्टी टाकून ते माझ्याबरोबर दिवसभर फिरले. लिंबाची चार झाडं सापडली. चारही ठणठणीत होती. मला वाईट वाटलं आणि त्यांनाही माझ्यासाठी वाईट वाटलं.

परत आले तेव्हा बाटल्या घासूनपुसून कुंपणावर उलट्या वाळत घातलेल्या होत्या. कौसाबाई म्हणाल्या, सगळं व्यवस्थित झालं. त्या खोटं बोलत नव्हत्या.

होळीच्या आधी

फाल्गुनात पुन्हा गेले. या वेळी कंडक्टरनंच विचारलं, झाडं कशी हायेत?

मळ्यात शिरले आणि थांबले. झाडांना नवी पालवी फुटली होती, गर्द हिरवी. काठाची रांग हिरवी, पदराची रांग हिरवी. मी हरखले, कारण पेनिसिलिननं काम केलं होतं आणि सर हरले होते. मग मी तिसऱ्या रांगेत गेले. तीही हिरवी. थोडी कमी, पण हिरवीच.

मी तिथे बांधावर बसले. तिन्ही रांगा सुधारल्या म्हणजे औषधाचा संबंध नाही. रोग नाही, जिवाणू नाही, मायकोप्लाझ्मा नाही. पाणी साचलं असेल, नाहीतर जस्त. आदिलाबादचे साहेब आता मला पुन्हा उपमा खाऊ घालणार आणि मला तो गिळावा लागणार. मला रडू येत होतं, ते मी नाक शिंकरून घालवलं.

पण कौसाबाईंना सांगताना माझा आवाज बरा होता, कारण त्यांच्यासाठी ही बातमी वाईट नव्हती. मी म्हटलं, कलमात खोट नव्हती. दोष असला तर जमिनीचा.

 कौसाबाई पदराचं टोक तोंडाशी धरून उभ्या राहिल्या, आणि मग एवढ्या मोठ्या आवाजाची ती बाई आवाज न करता रडली. मारोतराव ओट्यावर सुतळी वळत होते. त्यांनी सुतळी खाली ठेवली, टोपी घातली आणि बाहेर गेले. मला वाटलं, राग आला. ते परत आले तेव्हा पिशवीत हरभऱ्याची डाळ, गूळ आणि हळकुंडं होती. पिशवी चुलीपाशी ठेवून ते म्हणाले, "होळीले जाऊन ये भावाकडं." माझ्या दोन्ही मुक्कामांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

त्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या. कटाची आमटी तांबूस-पिवळी, वर तेलाचा तवंग. मारोतराव पाटावर बसले आणि आमटीकडे पाहतच राहिले. कौसाबाई वाढत होत्या आणि माहेरी कुणाकुणाला काय न्यायचं ते मोठ्यानं ठरवत होत्या. मला तिसरी पोळी वाढायला आल्या. मी पानावर आडवा हात धरला, नको म्हटलं.

"घ्या हो," त्या म्हणाल्या. "पान रिकामं नाही दिसाव. म्या तं थ्या झाडायले बी उपाशी नाही उठू देलं."

मी विचारलं, कुठल्या झाडांना? त्या सहज सांगू लागल्या. मी उटनूरला गेल्यावर त्यांनी बाटल्या काढल्या. काहींत निम्मं औषध उरलेलं. ते खड्ड्यात ओतायचं त्यांच्या जिवावर आलं. पंगत उठल्यावर उरलेलं अन्न कुणी खड्ड्यात टाकतं का? तर त्यांनी थोडं यातलं, थोडं त्यातलं असं एकत्र केलं आणि तिसऱ्या रांगेच्या बाटल्यांत सगळ्यांना सारखं वाढलं. बाटल्या रिकाम्या झाल्यावरच घासल्या.

 मी पाणी प्याले. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. इतका लांबचा प्रवास, एवढ्या बाटल्या, आणि या बाईनं पाण्याची रांगच जेवू घातली! मग राग ओसरला आणि खाली काय उरलंय ते दिसलं. तिन्ही रांगांना औषध मिळालं होतं, म्हणून तिन्ही हिरव्या होत्या. एक जरी झाड काहीच न मिळालेलं असतं तर कळलं असतं. हे मी मनात म्हणायला हवं होतं, पण मी ते मोठ्यानं म्हटलं.

कौसाबाईंचा वाढता हात थांबला. त्या विचार करू लागल्या.

"एक हाय," त्या म्हणाल्या. "कडब्याच्या गंजीमांगं. रांगेत नाही थे."

"थे मेलं असन," मारोतराव घाईनं म्हणाले. "काय पाहता त्याले? जेवा."

पण त्या तोवर उठल्या होत्या. गंजीमागे कडबा इतका कलंडला होता की झाड झाकूनच गेलेलं. पेंढ्या उचलायला मारोतराव आले नाहीत, मग आम्ही दोघींनीच उचलल्या. झाड मेलं नव्हतं. त्याच भावाचं, त्याच पोत्यातून आलेलं कलम. शेंड्यापासून खालपर्यंत पिवळं, पानांवर तेच डाग, शिरा तशाच जाड.

मी जिंकले होते. पदराच्या रांगेला फक्त पेनिसिलिन मिळालं होतं आणि ती हिरवी होती, हे झाड तसंच पिवळं होतं. सरांना आता तोंड नव्हतं. मला काडीचाही आनंद झाला नाही. शेजारी कौसाबाई पेंढी धरून उभ्या होत्या, हातांना अजून पुरण लागलेलं.

"रोग हाय का बाई?"

मी म्हटलं, हो. जिवाणू आहे. कलमातून आला. औषधानं झाडं थोडे दिवस हिरवी दिसतील, मग पुन्हा पिवळी पडतील, ती काढावीच लागतील. आणि ज्या झाडांच्या फांद्यांवरचे डोळे काढून भाऊ कलमं बांधतात ती झाडं तोडायला हवीत, नाहीतर ते रोगच वाटत राहणार. हे सगळं मी एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबले असते तर पुढचं सांगवलं नसतं.

मारोतराव मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "मी सांगतो साळ्याले. म्हनीन, पानी साचलं, जमीन आमचीच खराब. तू जाय होळीले."

आसपासच्या वीस एकर रानात ज्याची जमीन नंबर एक म्हणतात, तो माणूस आपल्या जमिनीला खोटं पाडायला तयार झाला होता. कौसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. फार दिवसांनी पाहिल्यासारखं पाहिलं.

"अन् तो उद्या दुसऱ्याच्या बहिनीले देईन कलमं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मी जाते, मी सरकारी माणूस, मी समजावून सांगते. त्यांनी मान हलवली.

"तुमी सांगसान तं थो रोग होईन. मी सांगन तं घरची गोष्ट राहीन."

आम्ही आत येऊन उरलेलं जेवलो. पोळ्या फार चांगल्या झाल्या होत्या, हे मला नंतर आठवलं.

नदीपलीकडे

महिन्याभरानं वर्धेच्या बाजूला माझं काम निघालं, तेव्हा मी त्या भावाच्या रोपवाटिकेत गेले. मनात भाषण तयार होतं. फाटकातून आत पाहिलं तर मागच्या बाजूला नुसती खोडांची बुडखं. मुळांवर माती ओढलेली, फांद्या जाळल्याची राख.

भाऊ कौसाबाईंसारखेच उंच. त्यांनी खुर्ची झटकून दिली, चहा सांगितला. मी विचारलं, कधी तोडली? म्हणाले, कौसा होती तवाच. ज्यांना ज्यांना कलमं दिली त्यांच्या घरी दोघं भाऊबहीण जाऊन आले, रोग सांगून आले. काही जण वाईट बोलले. धंदा तर बसलाच. हे सगळं त्यांनी अगदी थोडक्यात सांगितलं, जणू ते विचारलं म्हणून सांगायचं.

मी म्हटलं, तुमचं फार नुकसान झालं. 

ते बुडखांकडे पाहत राहिले.

"पाच दिवाळ्या वाट पाह्यली मॅडम," ते म्हणाले. "मले वाटे, आपल्याच हातून काई घडलं, म्हून येत नाही. रात-रात आठवत बसो, काय बोललो होतो तिले. अन् थे आली अन् म्हने, दादा, तुही झाडं बिमार होती म्हून नाही आली." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मले इतकं बरं वाटलं. म्हनलं, एवढंच होतं का."